चिलट : नव्या जातीची ओळख व वर्णन

माश्या, डास आणि चिलटे द्विपंखी गणात मोडतात. पंखांची एकच जोडी, आणि मागच्या जोडीच्या जागी उडताना तोल सांभाळणारे दोन गाठदार दांडे (संतोलक), ही या गणाची खूण. गणातल्या दीड लाखाहून अधिक जातींना आजवर शास्त्रीय नावे मिळाली आहेत. त्यांतल्या असंख्य जाती दोन-तीन मिलिमीटरांच्या आतल्या आहेत. थायलंडमधून २०१२ मध्ये वर्णन झालेली एक माशी तर जेमतेम ०.४ मिमी. भरते. एखादी माशी अजून नाव न मिळालेल्या जातीची आहे हे पुराव्यानिशी दाखवणे, तिचे वर्णन प्रसिद्ध करणे आणि तिचा नमुना कायमचा जतन करणे, एवढे झाले म्हणजे नव्या जातीचे वर्णन पुरे होते. यांतले पहिले काम सर्वांत कष्टाचे.

बडोद्यात चिलटांची खरी गर्दी पावसाळ्यात होते. भाद्रपदात दांडिया बाजारातल्या घरांमधून गणपतीपुढच्या केळ्या-पेरूंवर जमणारी तांबूस डोळ्यांची चिलटे बहुधा ड्रॉसोफिलिडी कुलातली असतात. मोरीच्या भिंतीला चिकटून बसणारी केसाळ पंखांची माशी सायकोडिडी कुलातली, तर कुबड काढल्यासारखी दिसणारी आणि उडण्याऐवजी तुरुतुरु पळणारी फोरिडी कुलातली. नव्या जातीसाठी घनदाट अरण्यच गाठावे लागते, हा समज चुकीचा आहे. लॉस एंजेलिस शहरात घरांच्या परसांत सापळे लावले, तेव्हा फोरिडी कुलातल्या मेगासेलिया या एकाच प्रजातीच्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) ३० नव्या जाती हाती आल्या. त्यांचे वर्णन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. कामाठी बाग, विश्वामित्रीच्या काठची झुडपे किंवा जुन्या वाड्यांची मागची अंगणे त्याच नजरेने पाहण्याजोगी आहेत. जांबुघोडा अभयारण्यात मात्र वन खात्याच्या परवानगीशिवाय माशी पकडता येत नाही.

पकडण्याची साधने साधी आहेत: आंबवलेल्या केळ्याची बाटली, बारीक जाळी, पिवळ्या ताटलीत साबणाचे पाणी, तोंडाने ओढायची शोषनळी, तंबूसारखा मॅलेझ सापळा. रचना पाहायची असेल तर माशी ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के लागते. एवढ्या लहान जिवाला टाचणी टोचली तर छातीवरचे राठ केसच नाहीसे होतात, म्हणून कागदाच्या टोकदार तुकड्यावर तिला कडेने चिकटवतात. सोबतच्या चिठ्ठीवर जागा, अक्षांश-रेखांश, तारीख, पकडणाऱ्याचे नाव आणि पद्धत हवीच. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी. बडोद्याच्या दमट पावसाळ्यात सुक्या नमुन्यांवर बुरशी चढते आणि कुप्यांतले अल्कोहोल नकळत उडून जाते. संग्रह राखणे हे वर्षभराचे काम आहे.

जात ओळखताना रंगावर भिस्त ठेवता येत नाही. नुकत्याच कोशातून निघालेल्या माशीचा रंग फिका असतो, अल्कोहोलमध्ये तो आणखी बदलतो. डोक्यावर आणि छातीवर राठ केस किती आणि कुठे आहेत, स्पर्शिकेवरचा केस साधा की फांद्यांचा, पंखाच्या पुढच्या कडेच्या शिरेत खंड किती, शिरांच्या लांबीचे प्रमाण काय, हे मोजावे लागते. ड्रॉसोफिलिडी कुलात त्या कडेच्या शिरेला दोन ठिकाणी खंड असतो. तरीही जवळच्या जातींत निर्णायक ठरतात ती नराची जननांगे. पोटाचे टोक वेगळे करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवले की मऊ भाग विरघळतो आणि कठीण भाग उरतो. मग ग्लिसरीनच्या थेंबात तो सुईने फिरवत सर्व बाजूंनी रेखाटायचा. इथे घाई करणाऱ्याचे वर्णन पुढच्या अभ्यासकाच्या कामाला येत नाही. पुष्कळ प्रजातींत एकट्या मादीवरून जात सांगताच येत नाही.

यानंतर तुलना. जवळच्या प्रत्येक नामांकित जातीचे मूळ वर्णन वाचायचे, शक्य तर मूळ नमुना, म्हणजे ज्यावरून त्या जातीला नाव मिळाले तो, पाहायचा. भारतातल्या माश्यांसाठी ही वाट अजूनही एन्रिको ब्रुनेटी यांच्या ग्रंथांपाशी पोचते. पेशाने संगीतकार असलेल्या या गृहस्थांनी कोलकात्यात राहून १९१२ ते १९२३ दरम्यान ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टी ग्रंथमालेतले माश्यांचे खंड लिहिले. तुलना अपुरी पडली तर काय होते, हे झॅप्रिओनस इंडियानस या पांढऱ्या पट्ट्यांच्या फळमाशीवरून कळते. जे. पी. गुप्ता यांनी १९७० मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. १९७२ मध्ये गोडबोले आणि वैद्य यांनी महाराष्ट्रातल्या माशीला झॅप्रिओनस पॅराव्हिटिजर हे नाव दिले. पुढे दोन्ही एकच ठरल्या आणि आधीचे नाव टिकले. ही माशी मुळात आफ्रिकेतली. १९९९ मध्ये ती ब्राझीलमध्ये पोचली आणि अंजिराच्या बागांचे मोठे नुकसान झाले. नाव भारताचे, घर आफ्रिकेचे, उपद्रव दक्षिण अमेरिकेत. नावाचा गोंधळ वेळीच निस्तरला नसता तर तिचा हा प्रवास जुळवता आला नसता.

नावाचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेत आहेत. संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. एक नमुना ‘मूळ नमुना’ म्हणून निश्चित करणे आणि तो कोणत्या संग्रहात आहे ते लिहिणे आवश्यक आहे. सोबतचे बाकीचे नमुने सहनमुने ठरतात. केवळ संगणकीय रूपातले प्रकाशन २०१२ पासून मान्य आहे, पण झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी हवी. गावावरून नाव द्यायचे तर शेवटी ‘एन्सिस’ लागते, बडोद्याचे होईल ‘बरोडेन्सिस’. भारतात जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या जातीची माहिती नियुक्त संस्थेला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी अशी प्रमुख संस्था म्हणजे १९१६ मध्ये स्थापन झालेले भारतीय प्राणिसर्वेक्षण. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचे वर्णन फक्त छायाचित्रांवरून झाले आणि जगभर वाद पेटला. छायाचित्रात जननांगे उघडून पाहता येत नाहीत, म्हणून हाती नमुना असावा हा आग्रह रास्त आहे.

२००३ पासून डीएनए बारकोड, म्हणजे सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा, मोठी मदत करतो. मादीची नराशी आणि अळीची प्रौढाशी जोडी तो लावून देतो, पण जवळच्या काही जातींत तो सारखाच निघतो.

या कामाचा आरोग्याशी थेट संबंध आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून नाव पडलेला, १९६५ मध्ये सापडलेला विषाणू वाळूमाशी या रक्त शोषणाऱ्या बारीक माशीमार्फत पसरतो. गुजरातमध्ये २००४ आणि २०२४ मध्ये त्याने मुलांचे बळी घेतले. वाळूमाश्यांच्या फ्लेबोटोमस आणि सर्जेंटोमिया या दोन प्रजाती नुसत्या डोळ्यांनी सारख्याच दिसतात. पोटाच्या वरच्या बाजूचे केस उभे की आडवे हे भिंगाखाली दिसते. मग काचपट्टीवर मुखपोकळीतले दात पाहिले की प्रजाती पक्की होते, आणि फवारणी नेमकी कोणत्या माशीवर करायची हे त्यानंतरच ठरवता येते.