अकस्मात मृत्यूची कागदपत्रं: नातेवाइकांना का मिळत नाहीत?

मुंबईत एकेकाळी संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनरपुढे, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या खास अधिकाऱ्यापुढे चाले. ते पद 1999 मध्ये मोडीत निघालं आणि तेव्हापासून तिथेही सगळी भिस्त पोलीस ठाण्यावर आली.

आजचा घोळ आहे तो 'अकस्मात मृत्यू' या शब्दाचा. बुडून, गळफासाने, विषाने कुणी गेलं की ठाण्यात आधी 'अमृ' नोंद होते. तिला आधार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 चा. जुलै 2024 पासून नव्या संहितेचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 194. पंचांसमोर मरणोत्तर पंचनामा, मग शवविच्छेदन, गरज वाटली तर व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग) राखून ठेवणं. मृत्यूचं वरवर दिसणारं कारण ठरवायचं, एवढाच या चौकशीचा आवाका, असं सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच सांगितलंय. म्हणजे ही नोंद गुन्ह्याची नव्हे. एफआयआर नाही, आरोपी नाही.

आणि नेमकं इथेच नातेवाईक अडकतो. प्रत मागितली की ऐकावं लागतं, 'गुन्हाच दाखल नाही, कसली प्रत?' माहिती अधिकारात अर्ज टाकला की उत्तर येतं, 'तपास सुरू आहे, कलम 8(1)(ज).' दोन्ही एकाच तोंडाने! ते कलम तपासाला, गुन्हेगाराच्या अटकेला किंवा खटल्याला अडथळा आणणाऱ्या माहितीपुरतं आहे. गुन्हाच नसेल तर गुन्हेगार कोण? दिल्लीच्या उच्च न्यायालयाने 2007 मध्ये स्पष्ट केलं होतं की तपास चालू आहे एवढ्यावर माहिती नाकारता येत नाही. ती दिल्याने अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. तरी नकाराची पत्रं त्याच एका ओळीची निघतात.

मयताचा वारस फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या 'पीडित' या व्याख्येत 2009 अखेरीस आला. नव्या संहितेत 90 दिवसांत तपासाची प्रगती कळवायची तरतूदही आहे. पण हे सगळं गुन्हा नोंदला गेल्यानंतरचं; अमृ नोंदीवाल्याच्या हाती त्यातलं काही लागत नाही. त्यात नोव्हेंबर 2025 पासून माहिती अधिकारातला 'वैयक्तिक माहिती'चा अपवाद रुंदावलाय, आणि नकाराला आणखी एक कलम मिळालं.

एक बदल मात्र कामाचा आहे. मरणोत्तर चौकशीचा अहवाल 24 तासांत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं बंधन कलम 194 मध्ये आलंय. म्हणजे ठाण्यातल्या कागदाचा माग आता प्रांत कार्यालयातही काढता येतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात मात्र दंडाधिकाऱ्याचे हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच असतात, त्यामुळे तो पुन्हा पोलिसांच्याच दुसऱ्या टेबलावर जाऊन थांबतो.