काँगोच्या खोऱ्यातून सांगलीच्या टाकीत

सांगलीतल्या माशांच्या दुकानात गप्पी आणि मॉलीच्या टाक्यांखालच्या ओळीत करंगळीच्या दोन पेरांएवढे तपकिरी बेडूक बसलेले दिसतात. एका दुकानदाराला मी विचारलं, तर तो म्हणाला, "माशांतच सोडा, माशांचंच खाद्य घाला." या सल्ल्याने माझे पहिले दोन बेडूक दीड महिन्यात उपाशी मेले. माशांसोबत विकला जातो म्हणून हा प्राणी मासाच आहे असं आपण गृहीत धरतो. हा गैरसमज का झाला ते कळायला त्याच्या इतिहासात जरा मागं जावं लागतं.

या आफ्रिकी बुटक्या बेडकाचं शास्त्रीय वर्णन 1896 सालचं. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ टॉर्नियर यांनी त्याला आधी 'झेनोपस' या आफ्रिकी बेडकांच्या प्रजातीत घातलं आणि फ्रँकफर्टच्या ऑस्कर बोएटगर यांच्यावरून 'बोएटगेरी' हे नाव दिलं. त्याच वर्षी लंडनमध्ये बूलंजे यांनी त्याच्यासाठी वेगळी प्रजाती केली, 'हायमेनोकायरस'. ग्रीकमध्ये याचा अर्थ पडदेवाला हात. झेनोपसच्या पुढच्या पायांची बोटं सुटी असतात, याच्या मात्र पुढच्याही बोटांमध्ये पातळ पडदा असतो. पुढं 1924 साली नोबल यांनी 'कर्टिपीस' ही जात नोंदवली. तिचे नमुने 1909 ते 1915 या काळात काँगोत गेलेल्या अमेरिकी संग्रहालयाच्या मोहिमेत गोळा झाले होते. नायजेरिया, कॅमेरून, गॅबॉन, काँगो हा या बेडकांचा मुलूख. जंगलातली संथ, उथळ, पालापाचोळ्यानं भरलेली डबकी हे त्यांचं घर.

ते घर डोळ्यांसमोर आणलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. गढूळ पाण्यात नजरेचा फारसा उपयोग नाही, म्हणून हा बेडूक वासावर आणि पाण्याच्या हालचालीवर भक्ष्य शोधतो. आपल्या बेडकासारखी झटकन बाहेर येणारी जीभ त्याला नाही, जीभच नाही. तोंड उघडून पाण्यासकट घास आत ओढायचा आणि उरलेला भाग पुढच्या हातांनी कोंबायचा. माझ्या टाकीत मी रोज संध्याकाळी चिमट्यात ब्लडवर्म, म्हणजे लाल अळी, धरून त्याच्या नाकासमोर हलवतो. तो आधी नुसता बसून राहतो. मग मान तिरकी करतो, एक पाऊल सरकतो आणि चुकीच्या जागी झेप घेतो. तिसऱ्या झेपेला घास मिळतो. एवढ्या वेळात गप्पी अख्खी टाकी साफ करून मोकळे होतात. माझे पहिले दोघे उपाशी का राहिले, ते हे पाहिल्यावर मला कळलं.

आणखी एक गोष्ट म्हणजे तो फुफ्फुसांनी श्वास घेतो. थोड्या थोड्या वेळाने पाय झाडत सरळ वर येतो, एक घोट हवा घेतो आणि परत तळाशी जातो. म्हणून त्याला खोल टाकी आणि जोराचा फिल्टर त्रासदायक, फूटभर पाणी पुरे. लोडशेडिंगच्या काळात पंप बंद पडला की माझे मासे वर येऊन धापा टाकायचे, बेडूक मात्र निवांत असायचा. उलट झाकणात फट राहिली तर तो बाहेर पडतो आणि फरशीवर लवकरच वाळून मरतो.

त्याच्या थोरल्या चुलतभावाची, झेनोपसची, गोष्ट वेगळी आहे. 1930 साली दक्षिण आफ्रिकेत लान्सलॉट हॉगबेन यांनी दाखवलं की मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचला की मादी अंडी घालते. त्यातून गर्भधारणेची चाचणी निघाली. गरोदर बाईच्या लघवीचं इंजेक्शन दिलेली मादी काही तासांत अंडी घालायची. 1960च्या दशकापर्यंत जगभरच्या दवाखान्यांना असे बेडूक पाठवले गेले. काही सुटले, काही सोडले गेले, आणि वेल्सपासून चिलीपर्यंत त्यांच्या रानटी वसाहती झाल्या. दुकानात कधी याच झेनोपसची पिल्लं छोटा बेडूक म्हणून विकली जातात. ती चार-पाच इंच वाढतात आणि टाकीतले मासे गिळतात. घेण्याआधी पुढचे हात पाहा. पडदा नसेल तर तो आपला बेडूक नव्हे.

धाकट्याचा इतिहासही निर्धोक नाही. अमेरिकेत 2008 ते 2011 या काळात पाळीव बुटक्या बेडकांपासून साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जिवाणू पसरला. 44 राज्यांत 376 जण आजारी पडले, त्यात लहान मुलंच जास्त. टाकीत हात घातल्यावर साबणानं धुणं आणि टाकी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये न धुणं, एवढी काळजी पुरते. त्याहून गंभीर आहे ती कायट्रिड बुरशी. 1999 साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं. बेडकांच्या कातडीला ती खाते आणि जगभर अनेक जाती तिच्यामुळे संपल्या. पाळीव बेडकांच्या व्यापारातून ती फिरते.

इथं आपला संबंध येतो. कोयनेच्या बाजूला, सातारा जिल्ह्यात, एक पिवळसर भेक सापडतो. 1963 साली त्याचं वर्णन झालं आणि कोयनेवरूनच त्याचं नाव पडलं. तो सह्याद्रीतच आहे, दुसरीकडे कुठं नाही. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात, मारुती चौकात घराघरांत शिरलं होतं, तेव्हा टाकीतलं काहीही नदीला मिळू शकत होतं. परका जीव पाण्यात रुजला की काय होतं ते आपण चिलापीत पाहतोच. 1952 साली ती बाहेरून आणली, आज जाळ्यात तीच जास्त येते.

कंटाळा आला म्हणून हा बेडूक कोणी कृष्णेत किंवा विहिरीत सोडू नये. नको असेल तर दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा. मी टाकीचं काढलेलं पाणी बादलीत घेतो, त्यात ब्लीचिंग पावडर मिसळून रात्रभर ठेवतो आणि सकाळी संडासात ओततो. बागेत किंवा गटारात ते टाकत नाही.