अवकल समीकरणांच्या संख्यात्मक उकलीची अचूकता

सामान्य अवकल समीकरणाची (एखादी राशी कोणत्या दराने बदलते हे सांगणाऱ्या समीकरणाची) उकल सूत्रात मिळत नसेल, तर ती छोट्या पायऱ्यांनी आकड्यांत काढतात. प्रत्येक पायरीवर थोडी त्रुटी शिरते आणि पुढे साचत जाते. तिला आवर घालण्याच्या उपायांची ही नोंद आहे. मुंबई विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी ऑयलर, सुधारित ऑयलर आणि रुंगे-कुट्टा (त्यांच्या बोलीत ‘आर-के’) या पद्धती भेटतात.

मुंबईच्या उकाड्यात ३० अंश सेल्सिअसच्या खोलीत ९० अंशांचा चहा ठेवला आहे. खोलीपेक्षा तो जितका गरम, त्याच्या एक-दशांश दराने दर मिनिटाला निवतो असे धरू. दहा मिनिटांनंतरचे खरे तापमान ५२.०७ अंश येते. ऑयलरच्या पद्धतीत (१७६८) पायरीच्या आरंभीचा उतार, म्हणजे तापमान बदलण्याचा दर, पायरीभर तोच धरतात. अडीच मिनिटांच्या चार पायऱ्यांत उत्तर ४८.९८. सुधारित ऑयलर दोन्ही टोकांच्या उतारांची सरासरी घेते. एकेकच दुरुस्ती करून पाच मिनिटांच्या दोन पायऱ्यांत ५३.४४. चौथ्या कोटीची रुंगे-कुट्टा दहा मिनिटांच्या एकाच पायरीत ५२.५० देते (कोटी म्हणजे पायरी लहान केली की त्रुटी किती वेगाने घटते याचे माप). तिन्हींत उतार काढावा लागला चारदाच! म्हणून पायरी बारीक करत बसण्याआधी पद्धतीची कोटी वाढवणे बहुधा फायद्याचे. पायरी निम्मी केली की ऑयलरची एकूण त्रुटी साधारण निम्मी होते, रुंगे-कुट्टाची साधारण सोळाव्या हिश्श्यावर येते. रुंगे यांचे काम १८९५ चे, कुट्टा यांचे १९०१ चे.

रिचर्डसन यांची युक्ती (१९११) त्याहून साधी आणि फार सुंदर आहे. तेच गणित दोनदा करायचे. ऑयलरने पाच मिनिटांच्या पायऱ्यांनी ४५.०० येते, अडीचच्या पायऱ्यांनी ४८.९८, दुसऱ्याच्या दुपटीतून पहिले वजा केले की ५२.९७. शिवाय दोन उत्तरांतील फरकावरून त्रुटीचा अंदाजही हाती येतो. पायरी आपोआप लहान-मोठी करणाऱ्या आजच्या आज्ञावल्याही असाच अंदाज घेत चालतात. वर्गात पद्धतीबरोबरच हा अंदाज शिकवला जायला हवा. त्याशिवाय उत्तरातील किती दशांश स्थळे खरी, हे कळायला मार्ग नाही.

पायरी हवी तेवढी बारीकही करता येत नाही, कारण पायऱ्या वाढतात तशी पूर्णांकनाची (आकडे ठरावीक दशांश स्थळांपर्यंतच ठेवल्याने येणारी) त्रुटी साठत जाते. उलट पायरी फार मोठी केली तर उत्तर भरकटते: वरच्याच चहाला २५ मिनिटांची एक पायरी दिली, तर ऑयलर तापमान उणे ६० अंश सांगते. पायरीच्या शेवटचा उतार वापरणारी अव्यक्त ऑयलर ४७.१ देते, खरे उत्तर ३४.९. अचूक नाही, पण भरकटतही नाही. ज्यांत काही घटक झटकन आणि काही संथपणे बदलतात, अशा ‘ताठर’ समीकरणांसाठी बहुधा अव्यक्त पद्धतीच लागतात. पवईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प ज्या सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरचा प्रसार करतो, त्यातील ‘ओडीई’ ही आज्ञा समीकरण ताठर आहे का ते पाहून पद्धत स्वतःच बदलते.