‘कसं वाटलं?’ या प्रश्नामागचा इतिहास

वस्तू वापरून झाल्यावर माणसाला ‘कसं वाटलं?’ विचारलं की बहुतेकदा उत्तर येतं, ‘बरंय’. लोकांच्या घरी जाऊन मी अशा मुलाखती घेते आणि दर वेळी या ‘बरंय’पाशी अडते. त्यात समाधान असतं, भीड असते, कंटाळा असतो, कधी नुसता थकवा. डिझाइन संशोधनातल्या भावनेच्या अभ्यासाचा इतिहास म्हणजे, माझ्या मते, या एका शब्दाच्या पलीकडे जायची धडपड आहे.

प्रश्न विचारावेत कसे, याचा एक सुंदर नमुना भारतासाठीच लिहिला गेला. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. इथे पाहिलेल्या साऱ्या वस्तूंमध्ये त्यांचं मन बसलं ते लोट्यावर, आपल्या तांब्याच्या भावंडावर. त्यात पाणी किती मावतं, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, खर्च किती, हे त्यांनी विचारलंच. पण डोळे मिटून हातात घेतला तर कसा लागतो? दगडावर ठेवताना रिकाम्याचा आवाज कसा, भरलेल्याचा कसा? तो आपला असणं, विकणं, कुणाला देणं कसं वाटतं? किंमत आणि माया त्यांनी एकाच यादीत घातली. चिंचेने घासलेला तांब्या ज्याने हातात धरलाय, त्याला ती यादी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मोजायची पद्धत मात्र मानसशास्त्राकडून आली. इलिनॉय विद्यापीठातल्या चार्ल्स ऑसगूड यांनी १९५७ मध्ये सहकाऱ्यांसह ती मांडली: विरुद्ध अर्थाच्या शब्दांची जोडी घ्यायची, मध्ये सात पायऱ्या, वाटेल तिथे खूण. हीच पट्टी जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठातल्या मित्सुओ नागामाची यांनी कारखान्यापर्यंत नेली. १९७० च्या दशकात त्यांनी उभारलेल्या शास्त्राचं नाव ‘कान्सेई’ अभियांत्रिकी. कान्सेई म्हणजे इंद्रियांतून आत जाऊन मनात उमटतं ते. ‘भाव’ हा शब्द जवळ जातो, पण पुरत नाही. लोक एखाद्या वस्तूबद्दल कोणती विशेषणं वापरतात ती गोळा करायची आणि प्रत्येक विशेषण आकार, रंग, आवाज यांपैकी कशाशी जुळतं ते संख्याशास्त्राने शोधायचं. माझ्दा या जपानी कंपनीच्या १९८९ च्या रोडस्टरला, म्हणजे उघड्या दोन आसनी मोटारीला, हवा होता घोडा आणि स्वार एकजीव झाल्याचा भाव. म्हणून लांबी चार मीटरच्या आत, गिअरचा दांडा आखूड, सायलेन्सरचा आवाजसुद्धा मुद्दाम घडवलेला.

तरीही संगणकाच्या जगात दिसणं ही वरवरची गोष्ट मानली जायची. १९९५ मध्ये कुरोसू आणि काशिमुरा या जपानी संशोधकांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ जणांना दाखवल्या. जी मांडणी देखणी, तीच लोकांना वापरायला सोपी वाटली. इस्राएलचे नोआम ट्रॅक्टिन्स्की यांचा यावर विश्वास बसला नाही. आपल्या देशात असं होणार नाही असं धरून त्यांनी प्रयोग पुन्हा केला. तिथे हा संबंध आणखी घट्ट निघाला.

१९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये ‘डिझाइन आणि भावना’ या विषयावरची पहिली परिषद भरली. तिथल्याच पीटर डेस्मेट यांच्या २००२ च्या प्रबंधातलं ‘प्रेमो’ हे साधन मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यात शब्दच नाहीत. पडद्यावर १४ हलती व्यंगचित्रं, सात सुखद भावनांची आणि सात नकोशा. चेहरा, अंगविक्षेप, आवाज पाहून-ऐकून माणसाने सांगायचं, मला असं होतंय का. भाषा बदलली की भावनेचे शब्द निसटतात. चेहरा त्या मानाने टिकतो. वापरसुलभतेवर १९८८ मध्ये गाजलेलं पुस्तक लिहिणाऱ्या डॉन नॉर्मन यांनीही २००४ च्या पुस्तकात कबूल केलं की तेव्हा त्यांनी भावनेकडे लक्ष दिलं नव्हतं.

सगळ्यांनाच मोजमाप पटलं नाही. १९९९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डिझाइन संशोधक बिल गेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्लो, ॲमस्टरडॅम आणि इटलीतल्या पेच्चोली इथल्या वृद्धांना पाकिटं दिली: पोस्टकार्डं, नकाशे, कॅमेरा. जमेल तेव्हा भरा, पाठवा. आलेल्या उत्तरांची त्यांनी सरासरी काढली नाही. त्यांतून त्या माणसांचं जगणं त्यांना जाणवून घ्यायचं होतं.

‘मूड’ सर्वांत उशिरा आला. भावना कशामुळे तरी होते आणि ओसरते. मूड तासन्‌तास राहतो आणि ‘का?’ विचारलं तर आपण म्हणतो, ‘उगाच’. त्यासाठी डेस्मेट यांनी सहकाऱ्यांसह ‘पिक-अ-मूड’ हा चित्रसंच केला: आठ मूड, एक तटस्थ, आणि पुरुष, स्त्री व यंत्रमानव अशी तीन पात्रं.

हीच कल्पना घेऊन मी काही साधी चित्रं काढून घेतली आहेत. गेल्या उन्हाळ्यात ती एका आजींसमोर ठेवली. तोंडाने त्या ‘बरंय’च म्हणाल्या आणि बोट मात्र वैतागलेल्या चेहऱ्यावर ठेवलं. मग अर्धा तास बोलत होत्या.