कार्यकारिणी, सीमाभागातील मराठी कला-साहित्य संस्थांची

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातील मराठी नाट्य, संगीत आणि साहित्य संस्थांचा कारभार चालवणारे निवडून आलेले मंडळ. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, सहकार्यवाह, खजिनदार आणि सदस्य अशी त्याची नेहमीची रचना असते. घटनेतील ‘उद्देश’ या कलमात जे लिहिले आहे ते वर्षभर घडवून आणणे हे या मंडळाचे काम. इतर शहरांत हे कलम नोंदणीपुरते लिहून बाजूला ठेवले तरी फारसे बिघडत नाही. सीमाभागात मात्र कार्यक्रमाची भाषा कोणती, पाहुणा कोण, मंचावरून काय बोलायचे, असा प्रत्येक निर्णय त्या कलमापाशी येऊन थांबतो.

बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेले. त्याआधीच इथे मराठीची संस्थात्मक घडी बसली होती. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे १९२९ मध्ये शि. म. परांजपे यांच्या आणि १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो याच १९४६ च्या संमेलनात. तेव्हापासून इथल्या साहित्यसंस्थेच्या व्यासपीठाला राजकीय अर्थ चिकटला तो कायमचा. २०१५ मध्ये फैयाज यांच्या अध्यक्षतेखाली मराठी नाट्यसंमेलनही बेळगावात झाले.

नोंदणी कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम, १९६० खाली होते. साहित्य आणि ललित कला यांसाठीच्या संस्था या कायद्यात बसतात. किमान सात जण एकत्र येऊन उद्देशपत्रिका आणि नियम सादर करतात. दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि पदाधिकाऱ्यांची यादी निबंधकांकडे द्यावी लागते. राज्याचा कारभार कन्नडमध्ये चालत असल्याने मराठीत विचार करून लिहिलेली घटना कन्नड किंवा इंग्रजीत नेमकी उतरवणे हेही कार्यवाहाचेच काम होऊन बसते. कन्नड सफाईने लिहिणारा एखादा सदस्य मंडळात असणे ही म्हणूनच मोठी सोय आहे, आणि जाणत्या संस्था असा माणूस आवर्जून घेतात.

उद्देशाचा प्रश्न कलेप्रमाणे बदलतो. गायनसंस्थेला भाषेची अडचण जवळपास येतच नाही. कुमार गंधर्व (जन्म १९२४) बेळगावजवळच्या सुळेभावीचे, आणि त्यांच्या मैफलीला मराठी-कन्नड असे दोन्ही श्रोते तितक्याच हक्काने बसत. मराठी संगीत रंगभूमी उभी करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर (जन्म १८४३) बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे. नाटक आणि साहित्य यांना मात्र भाषा निवडावीच लागते. त्यामुळे अशा संस्थांच्या घटनेत ‘मराठी भाषेची जोपासना’ आणि ‘कलेचा प्रसार’ हे दोन हेतू शेजारी शेजारी येतात. पैसे थोडे असले की कोणता आधी, हे कार्यकारिणीला ठरवावे लागते. भाषेच्या अस्मितेचा कार्यक्रम हमखास गर्दी खेचतो. प्रायोगिक एकांकिकेला तेवढी गर्दी होत नाही. अशा एकांकिकेसाठीही तारीख राखून ठेवणारी कार्यकारिणीच कलासंस्थेचे नाव सार्थ करते.

या नेतृत्वाचे सर्वांत जिवंत रूप ग्रामीण साहित्य संमेलनांत दिसते. कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, बेळगुंदी, कारदगा अशा गावांत ही संमेलने भरतात. भाताची सुगी आटोपली की गावातल्या बैठका सुरू होतात. स्वागताध्यक्ष ठरतो, पावतीपुस्तके वाटली जातात, मांडव, जेवण आणि दिंडी यांची कामे वाटून दिली जातात. संमेलनाच्या सकाळी पालखीत ग्रंथ ठेवून टाळ-मृदंगाच्या गजरात दिंडी निघते, शाळेची मुले लेझीम खेळतात, दारोदारी सडा-रांगोळी असते. मग उद्घाटन, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन. शेतकरी, शिक्षक, बचतगटातल्या बाया एकाच मांडवात कविता ऐकतात, हे दृश्य मोठ्या शहरांतल्या संमेलनांनाही सहज जमत नाही. इथली कार्यकारिणी म्हणजे जवळपास सगळे गावच असते.

मंडळाची खरी कसोटी लागते ती ठरावाच्या वेळी. सीमाप्रश्नावर ठराव मांडावा अशी सभासदांची अपेक्षा असते. दुसरीकडे कार्यक्रमाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून घ्यायची असते, आणि काय बोलले जाईल याची हमी आयोजकांकडे मागितली जाऊ शकते. अर्जावर सही अध्यक्षांची किंवा कार्यवाहांची, म्हणून जबाबदारीही त्यांचीच. ठराव, पाहुणे आणि भाषणे यांवर आधीच्या बैठकीत चर्चा करून निर्णय इतिवृत्तात नोंदवणाऱ्या संस्था अशा वेळी ठाम राहतात. तोंडी ठरवलेल्या गोष्टींवरून पुढे मंडळातच फूट पडते.

पैसा वर्गणी, आजीव सभासदत्व, स्मरणिकेतल्या जाहिराती, सहकारी बँका-पतसंस्था आणि बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांच्या देणग्या यांतून येतो. मोठा देणगीदार बहुधा अध्यक्ष किंवा स्वागताध्यक्ष होतो, आणि यात गैर काही नाही. पण वक्ते आणि नाटके निवडण्याचा अधिकार स्वतंत्र समितीकडे असणे बरे. रोजचा भार कार्यवाह उचलतो. तो बहुधा शिक्षक किंवा बँकेतला कर्मचारी, मानधन न घेणारा. एकच व्यक्ती वर्षानुवर्षे कार्यवाह राहिली की संस्थेची ओळखपाळख, देणगीदारांची यादी, जुनी इतिवृत्ते सगळे तिच्याच कपाटात साठते. म्हणून सहकार्यवाहपदी तिशीतला कार्यकर्ता नेमून दोन-तीन वर्षे कामात मुरवण्याची पद्धत काही संस्थांनी पाडली आहे. शिक्षण कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात झालेली मराठी घरांतली मुले आता याच वाटेने मंडळात येत आहेत.