वानर मेलेला दिसला तर लगेच कळवा

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याकडच्या काजूबागांत फेब्रुवारीपासून मेपर्यंत उसंत नसते. बिया वेचायच्या, भाजावळीसाठी (शेतजमीन भाजायला) आणि गोठ्यात अंथरायला पातेरा, म्हणजे झाडांखालचा वाळका पाला, गोळा करायचा. नेमकी याच दिवसांत गोचिडीची तिळाहून बारीक पिल्लं त्या पातेऱ्यात रक्ताच्या शोधात असतात. माकडतापाचा विषाणू माणसाला गाठतो तो बहुतेक वेळा इथेच.

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली आणि हा आजार ओळखला गेला. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली.

दोष माकडाचा नाही. वानर आणि केल्डी (लहान तांबूस माकडं) स्वतःच या तापाने मरतात. ताप चढलेल्या माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, त्याला चावणाऱ्या गोचिड्या तो उचलतात. माकड मेलं की त्या अंगावरून उतरून आसपासच पसरतात, म्हणून ती जागा सगळ्यात धोक्याची. रानातले उंदीर, चिचुंद्र्याही विषाणू सांभाळून असतात.

गुरांचा भाग मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दलच कमी बोललं जातं. गुरं या विषाणूने आजारी पडत नाहीत, तो पसरवतही नाहीत. पण मोठ्या झालेल्या गोचिडीला पोट भरायला मोठं जनावर लागतं. गाईचं रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली गळते आणि पातेऱ्यात हजारो अंडी घालते. रान तोडून बाग केली, वाडीची गुरं रानाच्या कडेला चरू लागली, की माकड, गोचीड, गाय आणि माणूस एकाच पातेऱ्यावर येतात. गुरांच्या गोचिड्यांचा बंदोबस्त हे म्हणूनच माणसांच्या आरोग्याचंही काम आहे.

मेलेल्या माकडाला हात लावू नका, कुत्र्यालाही जवळ जाऊ देऊ नका. आरोग्य उपकेंद्राला किंवा वनखात्याला त्याच दिवशी कळवा; तिथे कीटकनाशक भुकटी मारता येते. बागेत जाताना अंगभर कपडे घाला, पातेऱ्यावर बसू नका, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि आंघोळ करा.

गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंग मोडून काढणाऱ्या वेदना सुरू होतात; काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. त्यावर नेमकं औषध नाही, पण वेळेत दवाखान्यात पोचलेले बहुतेक रुग्ण बरे होतात. डॉक्टरांना मात्र आधी सांगा, की काजूच्या बागेत कामाला जात होतो.