पक्ष्यांच्या लेखी देऊळ म्हणजे कडा

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात उश्मलला गेलात, तर माया पिरॅमिड पाहून झाल्यावर जरा पडक्या भिंतींच्या भेगांकडेही बघा. बऱ्याचदा तिथे एखादा तोह पक्षी बसलेला असतो. भुवई फिरोजी, आणि शेपटीतली मधली दोन पिसं भलतीच लांब. टोकाच्या जरा वर पिसाचे तंतू झडून नुसती काडी उरते आणि खाली बॅडमिंटनच्या रॅकेटसारखे दोन पंखे लोंबतात. पक्षी स्वतःच चोचीने तंतू उपटतो, असं पूर्वी समजत. खरं तर तिथले तंतू मुळातच कच्चे असतात, आपोआप गळतात.

ही शेपटी तो लंबकासारखी डावी-उजवीकडे हलवतो, म्हणून तिकडे त्याला घड्याळपक्षीही म्हणतात. हा खटाटोप जोडीदारासाठी असणार, असं आपण चटकन म्हणून टाकू. पण ट्रॉय मर्फी या संशोधकाने युकातानातच निरीक्षणं केली, तेव्हा वेगळंच दिसलं. शिकारी प्राणी नजरेस पडला की आसपास दुसरा तोह नसतानाही शेपटी हलते. म्हणजे निरोप थेट शिकाऱ्यालाच: तुला पाहिलंय, उगाच मागे लागू नकोस!

तोह आपल्या खंड्याच्या आणि वेड्या राघूच्या गणातला, त्यांच्यासारखाच बिळात घरटं करणारा. वेड्या राघूला नदीकाठची दरड मिळते. उत्तर युकातानात मात्र जमिनीवर वाहणारी नदीच नाही. पाऊस चुनखडकात मुरतो आणि वर मातीचा थर जेमतेम. मग तोह सेनोटेच्या कडांमध्ये घर करतो. सेनोटे म्हणजे वरचं छत कोसळून उघडा पडलेला भूजलाचा डोह. त्यामुळे तोह दिसला की पाणी जवळ आहे, असा तिथल्या लोकांचा जुना आडाखा. विहिरी, खाणी, पडकी देवळं ही त्याच्या दृष्टीने तशीच दरड.

ग्वातेमालात टिकाल या प्राचीन माया शहराच्या अवशेषांत हाच हिशेब उंचीचा आहे. सपाट जंगलातून वर आलेलं चौथं मंदिर सुमारे ६५ मीटर उंच. नारिंगी छातीचा ससाणा एरवी कड्यावर घरटं करतो. त्याने टिकालची मंदिरंही वापरली आहेत. माणसाचा फायदा असा की, लाकडी जिन्याने वर पोचल्यावर मान वर करकरून दुखत नाही. टूकन नजरेसमोर येतात, पोपटांचे थवे तर चक्क पायांखालून जातात. पहाटे धुकं असलं तर मात्र दिसत काहीच नाही. हाऊलर माकडांच्या डरकाळ्या ऐकत बसायचं.

खाली चौकात डोळेदार टर्की फिरत असते. निळं डोकं, त्यावर नारिंगी पुटकुळ्या, शेपटीवर मोरासारखे डोळे. युकातान, बेलीझ आणि उत्तर ग्वातेमाला सोडून ती रानात कुठेही नाही. जिथे शिकार होते तिथे ती माणसाची चाहूल लागताच झुडपात शिरते. टिकाल १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. इथे ती पर्यटकांच्या पायांत कोंबडीसारखी दाणे टिपते.